सोसायटीतला 'किडा'

सोसायटीच्या वार्षिक सभेत जो उठून प्रश्न विचारतो त्याला आमच्याकडे एक ठरलेलं विशेषण आहे: किडा. गेली तीन वर्षं तो मान माझ्याकडे आहे. म्हटलं, या किड्याची वंशावळ तरी शोधून काढावी. शोधता शोधता बदलापूरहून निघालेली गाडी पार गावदेवीला जाऊन थांबली.

म्हणजे १९१५ साली. मुंबईत भाड्याच्या जागांत राहणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांसाठी रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी तेव्हा गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण संस्थांत तिची गणना होते. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची. कल्पना सरळ होती. मालक कुणी एक नाही, मालक आपण सगळे. पण गोम तिथेच आहे बरं का! घरमालकाशी भांडणं सोपं असतं, तो परका असतो. सोसायटीत हिशेब विचारायचा तो शेजाऱ्याला. काल ज्याच्याकडून विरजण आणलं, त्यालाच आज "टाकी धुण्याचे एवढे पैसे कसे झाले?" म्हणून विचारायचं. जीभ रेटत नाही.

कायदा करणाऱ्यांना ही अडचण माहीत असावी. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात कलम ३२ आहे. सभासदाला संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही आणि सर्वसाधारण सभेची व कमिटीच्या सभांची इतिवृत्तं संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य बघता येतात. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर कमिटीला विशेष सभा बोलवावी लागते. २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी या कायद्यात वेगळं प्रकरणच जोडलं गेलं. थोडक्यात, वही मागणं हा उद्धटपणा नाही. तो हक्क आहे.

मग हा हक्क वापरला नाही की काय होतं? त्यासाठी लांब जायला नको, आमच्याच लायनीवर बघू.

अंबरनाथची सूर्योदय सोसायटी ही या भागातली जुनी आणि प्रचंड मोठी संस्था. जमीन सरकारकडून मिळालेली, म्हणजे अटींसह. असे भूखंड दुसऱ्याच्या नावावर करण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तिथे अनेक व्यवहार त्या परवानगीविना झाले आणि 'शर्तभंग' हा शब्द रहिवाशांच्या मानगुटीवर बसला. ज्यांनी अट मोडली ते केव्हाच विकून गेले, आणि निस्तरायची वेळ नंतर आलेल्यांवर आली. कागद वेळेवर न वाचण्याची किंमत बहुतेक वेळा पुढच्या पिढीला मोजावी लागते.

उल्हासनगरची गोष्ट याहून जड आहे. दुसऱ्या महायुद्धातली ही कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवलं गेलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ला 'उल्हासनगर' हे नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर चार' असंच म्हणतात. बराकींच्या जागी इमारती आल्या, त्यातल्या कित्येक परवानगीशिवाय. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ८५५ अनधिकृत इमारतींचा आकडा गाजला, पाडण्याचे आदेश झाले. हजारो लोकांच्या डोक्यावरचं छप्पर जाणार म्हणून २००६ साली सरकारने खास या शहरापुरता कायदा केला, दंड भरून बांधकामं नियमित करण्याचा. काम मात्र फारच थोडं पुढे सरकलं.

अशा इमारतीत राहणाऱ्याने पिलरला गेलेली चीर कुणाला दाखवायची? दाखवली तर दुरुस्ती होण्याऐवजी घरच रिकामं करायची नोटीस यायची! त्यापेक्षा प्लास्टर मारून गप्प बसलेलं बरं, असं माणसाला वाटणारच. मी तिथे असतो तर मलाही वाटलं असतं. मे २०२१मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. २८ मेच्या रात्री साईसिद्धी इमारतीत वरचा स्लॅब खालच्या मजल्यांना घेऊन आला आणि सात माणसं गेली. त्यानंतर जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिटच्या नोटिसा निघाल्या.

आता माझा किडा. आमची इमारत तीस वर्षांपुढची. आदर्श उपविधी सांगतात की पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करावं. पार्किंगमधल्या एका पिलरची सळई दिसायला लागली तेव्हा मी सेक्रेटरी काकांना तोंडी सांगितलं. "अहो, पाऊस गेला की बघू." दोन पावसाळे गेले. मग पत्र दिलं आणि पोच घेतली. पोच मागितली तेव्हा काकांचा चेहरा उतरला. "आपल्यात पोच कसली मागता?" काका माणूस भला, सगळी कामं बिनपगारी करणारा. त्यांना वाटलं मी अविश्वास दाखवतोय. ते मला अजूनही लागून आहे.

सभा नेहमीप्रमाणे कोरमअभावी तहकूब झाली आणि नेहमीप्रमाणेच अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरली. अकरा माणसं. पण पत्र लेखी होतं, त्यामुळे विषय घ्यावाच लागला. वर्गणी वाढेल म्हणून दोघांनी विरोध केला. त्यातले एक पेन्शनवर जगणारे, त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेवटी ऑडिटचा ठराव झाला, दुरुस्ती निधीतून खर्च करायचा ठरला आणि इतिवृत्तात तशी ओळ लिहिली गेली. इंजिनियर येऊन हातोडीने ठोकून गेला. सध्या त्या पिलरला लोखंडी टेकू लावले आहेत, दुरुस्तीची कोटेशनं यायची आहेत. काका जिन्यात भेटले की बोलतात, पण पूर्वीसारखे थांबत नाहीत.

असो. उल्हासनगरच्या त्या माणसापेक्षा मी नशीबवान. माझ्याकडे पत्र द्यायला सोसायटी आहे, पोच द्यायला काका आहेत. नातेवाईक मंडळी हे वाचतातच, म्हणून डोंबिवली, ठाणे आणि पुण्यातल्या तुम्हा सगळ्यांना एकच विचारतो: तुमच्या इमारतीचं शेवटचं ऑडिट कधी झालं? माहीत नसेल तर या रविवारी वही मागून बघा. आणि हो, पोच घ्या.