पस्तीस माता आणि पाच मुले

इसवी सन 1856 मध्ये विधवाविवाहास कायद्याची मान्यता मिळाली. परंतु कायद्याने उघडलेले दार रूढीने बंदच ठेवले. पुण्याच्या ब्राह्मण वस्तीत बालविधवेच्या नशिबी केशवपन, आलवण आणि परक्याच्या ओंजळीने पाणी पिणे, एवढेच उरे. अशा स्त्रीस कोणाच्या फसवणुकीने अथवा बळजबरीने दिवस गेले, तर पुरुष नामानिराळा राही आणि सारा कलंक तिच्या एकटीच्या माथी बसे.

महात्मा जोतीराव फुले यांनी 1884 च्या डिसेंबरात आपल्या निवेदनात अशीच एक हकीकत नमूद केली आहे. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकास होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले. मूल जन्मास आले, आणि लोकापवादाच्या भयाने तिने ते मारून विहिरीत टाकले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली; शास्त्रीबुवांस कोणी जाब विचारल्याचा मात्र उल्लेख नाही.

या घटनेने जोतीरावांचे अंतःकरण कळवळले. त्यांनी तत्काळ आपल्याच घराच्या आवारात बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडले. या गृहाचा आरंभ सामान्यतः 1863 मध्ये मानला जातो. ब्राह्मण वस्तीच्या नाक्यानाक्यांवर जाहिरातीची पत्रके चिकटविण्यात आली. येथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे, असा त्या गृहाचा शिरस्ता होता. येणाऱ्या स्त्रियांचे बाळंतपण सावित्रीबाई मायेने करीत.

परंतु त्याच निवेदनात जोतीरावांनी दिलेले आकडे वाचून मन विषण्ण होते. तोपर्यंत या गृहात पस्तीस गर्भवती विधवा येऊन प्रसूत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी अवघी पाच जगली, तीस मरण पावली. कारणही त्यांनी सांगून ठेवले आहे. गर्भ लपविण्यासाठी या मातांनी विषारी औषधे घेतली असावीत आणि त्यांचा घाव पोटातल्या पोटातच मुलांना बसला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या आकड्यांतच सारा इतिहास साठलेला आहे. गृह चांगले होते, शुश्रूषा मायेची होती. परंतु त्या उंबरठ्यावर पोहोचण्यापूर्वीचे महिने अंधारात, धास्तीत आणि जडीबुटीत गेले होते. बाळंतपणाच्या दिवशी दिलेला आधार त्या गेलेल्या महिन्यांची भरपाई करू शकत नव्हता. गर्भारपणीच स्त्रीची काळजी घ्यावी, हा विचार तेव्हा युरोपातही रुजला नव्हता. एडिंबरोच्या प्रसूतिरुग्णालयात डॉक्टर बॅलंटाइन यांच्या प्रयत्नाने गर्भवतीसाठी स्वतंत्र खाट मिळाली, ती 1901 मध्ये.

तथापि ते गृह निष्फळ ठरले नाही. 1874 मध्ये तेथे जन्मलेल्या यशवंतास फुले दांपत्याने दत्तक घेतले. पुढे तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना त्याच्या दवाखान्यात पोहोचवीत होत्या, आणि त्याच साथीत त्यांचा अंत झाला. ज्या मुलास लोकांनी जन्मू दिले नसते, त्याच्या हातून कित्येकांची सेवा घडली.

पुढे 1921 मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. 1971 च्या कायद्याने डॉक्टरांच्या हातून सुरक्षित गर्भपाताची वाट मोकळी केली. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये गरोदरपणात किमान आठ तपासण्या व्हाव्यात आणि पहिली बारा आठवड्यांच्या आत व्हावी, अशी शिफारस केली. सोयी वाढल्या, तरीही नको असताना गर्भ राहिला, तर पहिल्या तपासणीस उशीर होतो, असा अनुभव आजही अनेक देशांत येतो. विवाहितेस संकोच अडवितो, अविवाहितेस भय.

म्हणून दवाखान्याचे दार उघडे असणे पुरेसे नव्हे. तेथवर जाणाऱ्या वाटेवर समाजाचे डोळे रोखलेले नसावेत. जोतीरावांनी गुप्ततेची हमी दिली ती याचसाठी; आणि ती हमी पोहोचण्यास उशीर झाला, म्हणूनच पस्तीसांतून पाच उरली.