चीक : एका जुन्या शब्दाची हकीकत

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत देवळाची, घंटेची व धर्मगुरूंची हकीकत येतेच. आम्हीं येथें एका शब्दाची हकीकत लिहिण्याचें योजिलें आहे. तो शब्द ‘चीक’. गाय अगर म्हैस व्याल्यावर पहिले कांहीं दिवस जें दाट, पिंवळसर दूध उतरतें, त्यास आपले वाडवडील चीक म्हणत आले. हल्लींच्या मुलांस खरवस ठाऊक आहे. परंतु तो पुष्कळदां दुकानांतील, चिकाचा थेंबहि नसलेला, चायना ग्रासनें थिजविलेला! खरवस कशाचा करितात असें विचारिलें तर उत्तर मिळत नाहीं.

असें कां झालें हें तुर्भ्याच्या लोकांस सांगावयास नको. ट्रॉम्बे हें एके काळीं साष्टीच्या पूर्वेस निराळें बेट होतें. भातखाचरें, मिठागरें, कोळीवाडा, आणि मध्यें हजारेक फूट उंचीचा डोंगर. इंग्रज दर्यावर्दींनीं ह्या डोंगरास ‘नीट्स टंग’, म्हणजे बैलाची जीभ, असें नांव दिलें होतें. गुरांच्या गांवास नांव तरी शोभलें! पुढें १९५४-५५ च्या सुमारास माहुलच्या बाजूस तेलशुद्धीचे दोन कारखाने उभे राहिले. त्याच सुमारास डोंगराच्या पायथ्याशीं अणुशक्तीचें केंद्र आलें व १९५६ च्या ऑगस्टांत तेथील ‘अप्सरा’ भट्टी चालूं झाली. देशाचें काम झालें, हें आम्ही मानतों. पण शेत गेलें तेव्हां बैल गेला, गोठा गेला, आणि गोठ्यांतील बोली कोणीं जपून ठेविली नाहीं.

शब्द मात्र मोठा मजेदार आहे. फणसाचा चीक, रुईचा चीक, कुरडयांसाठीं भिजविलेल्या गव्हाचा चीक, आणि गाईचा चीक. जें जें दाट, पांढुरकें व चिकट तें तें आपल्या कुणब्याच्या मतें एकाच जातीचें. हें केवळ अडाण्याचें मत नव्हे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्विजांनीं वर्ज्य करावयाच्या पदार्थांत झाडाचा स्राव आणि गाईचें ‘पेयूष’ हीं एकाच श्लोकांत सांगितलीं आहेत. पुढें दोनच श्लोकांनंतर, व्याल्यापासून दहा दिवस न झालेल्या गाईचें दूधहि निषिद्ध म्हटलें आहे. शास्त्र असें, आणि खरवस तर घरोघर होत आला! लोकांची जीभ शास्त्रापुढें नेहमींच नमते असें नाहीं. हें पेयूष, अथवा पीयूष, म्हणजेच चीक. संस्कृत कोशकार सात रात्रींपर्यंतच्या दुधास तें नांव देतात, आणि तोच शब्द अमृतासहि लावितात. हिंदींतील ‘पेवसी’ त्यापासूनच झाली; कारवार-मंगळुराकडील कोंकणी घरांतला ‘पोसू’ त्याच कुळांतला दिसतो. गुजराथी शेजारी ‘बळी’ म्हणतात, कानडी लोक ‘गिण्णु’. मराठीनें पीयूष देवादिकांस ठेवून गाईस चीक दिला.

लॅटिनमध्यें ह्यास ‘कोलोस्त्रुम’ म्हणतात. रोमन पंडित प्लिनी, जो सन ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकांत मरण पावला, त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, गाढवीस सकस चारा मिळाला असेल तर पहिल्या दोन दिवसांचें दूध शिंगरास प्राणघातक होतें. विद्वानहि केवढे चुकतात! खरी गोष्ट नेमकी उलट आहे. गाईच्या वारेंतून रोगप्रतिकारक द्रव्यें गर्भास मिळत नाहींत. वासरूं त्या बाबतींत रिकाम्या हातानें जन्मास येतें, आणि त्याची सारी शिदोरी चिकांत असते. अमेरिकेंत थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल ह्यांनीं १९२२ सालीं हें प्रयोगानें दाखविलें. चीक न मिळालेलीं बहुतेक वासरें दगावलीं. वासराच्या आंतड्यांतून हीं द्रव्यें रक्तांत जाण्याची वाट जन्मानंतर दिवसभरांत बंद होते, म्हणून पहिले कांहीं तास मोलाचे. साध्या दुधांत प्रथिनें शेंकडा ३ ते ३.५, पहिल्या धारेच्या चिकांत १४ च्या आसपास. ह्याच कारणानें चीक नुसत्या वाफेवर थिजतो, त्यास विरजण लागत नाहीं.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, गुरांचें पहिलें पिल्लूं सात दिवस आईपाशीं असूं द्यावें, आठव्या दिवशीं तें देवास वाहावें. संस्कृत कोशांतहि सात रात्री, येथेंहि सात दिवस! आम्ही ह्यावरून कांहीं सिद्ध करूं इच्छीत नाहीं. दोन्हीकडच्या गुराख्यांनीं एकच गाय पाहिली होती, एवढेंच.

जुन्या बायांची रीत अशी कीं, वासराचें पोट आधीं भरावयाचें, उरेल तो चीक घरांत आणावयाचा. पहिल्या दिवशींचा फार दाट, म्हणून त्यांत साधें दूध घालावयाचें. तिसऱ्या दिवशींचा पातळ, त्यांत घालावयाचें नाहीं. अंदाज चुकूं नये म्हणून आधीं वाटीभर वाफवून पाहावयाचा. मग गूळ, वेलची, जायफळ. चीक विकावयाचा नसतो, शेजारीं वाटावयाचा असतो. शेजारी कोणत्या धर्माचा हें त्यावेळीं कोणी विचारीत नसे.

वार, कांस, कालवड, गाभण, भाकड हे शब्दहि त्याच वाटेनें चालले आहेत. ज्यांच्या घरीं असे शब्द अद्यापि बोलतात, त्यांनीं ते वृद्ध माणसांच्या तोंडचे जसेच्या तसे उतरून आम्हांकडे पाठवावेत. शुद्धलेखनाची चिंता करूं नये.