कॉर्पोरेट ॲक्शनची सूचना (भारत)

लाभांश, बोनस समभाग, समभाग विभाजन, हक्कभाग विक्री अशा कंपनीच्या निर्णयांना 'कॉर्पोरेट ॲक्शन' म्हणतात. सूचीबद्ध कंपनीला असा निर्णय शेअर बाजारास कळवून 'रेकॉर्ड डेट', म्हणजे नोंद दिनांक, जाहीर करावा लागतो. त्या दिवशी भागधारकांच्या यादीत नाव असणाराच लाभास पात्र ठरतो. बोनस समभाग डीमॅट खात्यात आपोआप जमा होतात. हक्कभागांचे तसे नाही. त्यांचे देकारपत्र नोंदविलेल्या ईमेलवर वा पत्त्यावर येते आणि मुदतीत अर्ज न केल्यास हक्क संपुष्टात येतो. घर बदलूनही जुनाच पत्ता ठेवणाऱ्यांचे नुकसान बहुधा येथेच होते. सलग ७ वर्षे लाभांश न घेतल्यास समभागही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. त्याआधी ३ महिने कंपनीने भागधारकास कळवून इंग्रजी व प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रांत सूचना देणे बंधनकारक आहे. वर्ग झालेले समभाग अर्ज करून परत मागता येतात.