येनाच्या झाडावरचे प्रथिन

पावसाळ्यात गडचिरोलीतल्या आरमोरीकडच्या जंगलात गेलात तर येनाच्या झाडांवर बोटाएवढ्या हिरव्या अळ्या पाने फस्त करताना दिसतील. पाखरे आणि मुंग्यांपासून त्यांना राखत ढीवर कुटुंबे झाडांखाली असतात. वाढ पुरी झाली की अळी खाणे थांबवते, डहाळीला रेशमाचा देठ गुंडाळते आणि त्याला टांगलेला कोश विणते. हाच आपला कोसा, म्हणजे टसर. इशारा मिळताच रूप पालटणाऱ्या प्रथिन-पदार्थांच्या या शास्त्रात तुमचे स्वागत मी मुद्दाम याच झाडाखाली करतो आहे.

अळीच्या पोटात धागा नसतोच. लांब ग्रंथीत फायब्रॉइन हे प्रथिन दाट पाकासारखे साठलेले असते. तुतीच्या रेशीमकिड्यात मोजमाप झाले आहे: ग्रंथीच्या मागच्या टोकाला पीएच 8 च्या आसपास, पुढच्या टोकाला 6 च्या जवळ. आम्लता वाढते, नळी अरुंद होते, अळी डोके हलवून ओढ देते आणि पाकाचा असा धागा होतो की तो पाण्यात पुन्हा विरघळत नाही. पुढे पतंग बाहेर पडताना तोंडातून एक विकर सोडतो, तेव्हा तोच टणक कोश एका टोकाला मऊ पडतो. औषध नेमक्या जागी सोडणारे जेल बनवणाऱ्यालाही हेच हवे असते: वेळेवर घट्ट होणे, वेळेवर सैल होणे.

हे नियंत्रण माणसाच्या हाती कसे येते? आपल्या त्वचेतल्या आणि रोहिण्यांतल्या इलास्टिनमध्ये पाच अमिनो आम्लांची एक ओळ पुन्हा पुन्हा येते: व्हॅलिन, प्रोलिन, ग्लायसिन, व्हॅलिन, ग्लायसिन. शास्त्रज्ञ डॅन अरी यांनी या ओळीचा आयुष्यभर अभ्यास केला. असे प्रथिन थंड पाण्यात विरघळते आणि ठराविक तापमानाच्या वर गोळा होते. चौथ्या जागी पाण्याला दूर ठेवणारे आम्ल बसवा, ते तापमान खाली येते. पाणी मानवणारे बसवा, वर जाते. हवे तसे जनुक लिहून जिवाणूत घातले की तो तेच प्रथिन बनवतो. एका अक्षराने, म्हणजे एका अमिनो आम्लाने, पदार्थाचा स्वभाव ठरतो, ही या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट. रेशमाच्या आणि इलास्टिनच्या ओळी एकात एक गुंफलेली प्रथिनेही अशीच तयार झाली आहेत.

टसरने मात्र काही अक्षरे आधीच लिहून ठेवली आहेत. त्याच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही तिकडी आहे. पेशी तिला धरून बसतात. तुतीच्या रेशमात ती नाही. खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू यांनी टसरच्या या प्रथिनावर दीर्घ काम केले. अडचण एकच: तुतीचे रेशीम लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळते, टसर तिथे दाद देत नाही. म्हणून प्रथिन बहुतेकदा अळीच्या ग्रंथीतून काढतात. ग्रंथी ताजी लागते, आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला ती अळी शेजारच्या जंगलातच मिळते.