ईमेलमधील उत्तर व उतारा
एकाच विषयावर अनेक जण ईमेलने बोलत असताना आधीच्या पत्रातला नेमका मजकूर उतरवून घ्यायचा आणि त्याखाली आपले उत्तर लिहायचे, ही रीत. कोणाच्या कोणत्या म्हणण्यावर हे लिहिले आहे, ते मूळ पत्र न शोधता कळावे हा तिचा हेतू. उताऱ्याच्या ओळीआधी ‘>’ ही खूण येते. उताऱ्यातल्या उताऱ्याला ती दोनदा येते.

मराठी पत्रव्यवहाराला ही शिस्त नवी नाही. पेशवेकालीन मोडी पत्रांत उत्तर देणारा आधी पत्र पावल्याचे कळवतो, मग समोरच्याचे म्हणणे थोडक्यात मांडून ‘म्हणोन लिहिले’ असे म्हणतो आणि ‘त्यास’ या शब्दाने आपले उत्तर सुरू करतो. बाबी अनेक असतील तर उत्तरही कलमवार. पत्र पोहोचायला दिवस लागत आणि मूळ पत्र वाचणाऱ्यापुढे असेलच असे नसे. म्हणून उत्तर स्वतःच्या पायावर उभे राहील असे लिहावे लागे. जुन्नर किंवा घोडेगावच्या तहसील कचेरीतून आज निघणाऱ्या पत्रावरही ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या ओळी असतात व तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ कोणाला गेली ते लिहिलेले असते. ईमेलमधला ‘सीसी’ याच कामाचा.

इंटरनेटवरील शिष्टाचाराचा बहुपरिचित दस्तऐवज म्हणजे सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेला ‘आरएफसी १८५५’ (ऑक्टोबर १९९५). मूळ पत्राचा सारांश वर द्यावा किंवा संदर्भापुरताच मजकूर ठेवावा. दुसऱ्याचे शब्द बदलू नयेत. खाजगी पत्र गटाकडे पाठवण्याआधी परवानगी घ्यावी. उतारा छोटा केला तरी तो कोणाचा ते सांगावे. सहीचा मजकूर साधारण चार ओळींत आटपावा, या त्यातल्या सूचना आजही जशाच्या तशा लागू आहेत.

उतारा नसला तर काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत आणि निरीक्षणाची वेळ मागणारे खगोलशास्त्रज्ञ अनेक देशांतले असतात. अशा कामात ‘वेळ आधीचीच ठेवा’ हे उत्तर धोक्याचे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असते. मूळ पत्रातली वेळेची ओळ उतरवली नाही, तर कोणती वेळ हे वाचणाऱ्याने ओळखायचे कसे?

गावच्या कामातही तेच. समजा, डिंभे धरणाच्या उजव्या कालव्यावरच्या बागायतदारांत पाण्याच्या आवर्तनाविषयी मेल सुरू आहेत. एकाने दोन प्रश्न विचारले. त्यावर ‘हो, चालेल’ एवढेच लिहून खाली आधीची डझनभर पत्रे लोंबकळत ठेवली, तर त्या होकाराला काही अर्थ उरत नाही. नीट उत्तर असे :

आपण लिहिले :
> चारीतला गाळ आवर्तनाआधी काढायचा का?
हो. रविवारी सकाळी आमच्या वाडीतले लोक येतील.
> पाणी मागणीचे नमुना ७ चे अर्ज कधीपर्यंत द्यायचे?
तारीख अजून कळलेली नाही. शाखा अभियंत्यांना विचारून सर्वांना कळवतो.

येथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘माहीत नाही’ असले तरी प्रश्न सुटून गेलेला नाही. कलमवार लिहिण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच.

आजचे बहुतेक मेल प्रोग्रॅम कर्सर सर्वांत वर ठेवतात आणि जुने सगळे पत्र खाली तसेच चिकटवतात. दोघांच्या कामकाजी पत्रात याने बिघडत नाही. गटात मात्र चर्चा उलट्या क्रमाने वाचावी लागते आणि नंतर सामील झालेल्याची दमछाक होते. शिवाय त्या शेपटात कोणाचा मोबाइल नंबर किंवा तिसऱ्याविषयीचा शेरा असू शकतो. तो नकळत पुढे जातो. छाटणी करताना दक्षता एकच : ‘पण’नंतरचा भाग कापून समोरच्याचे म्हणणे उलटे करू नये. असे करणे म्हणजे खोटा पुरावा तयार करणेच होय.

बहुतेक प्रोग्रॅम पत्रांची साखळी शिरोभागातल्या ओळख-क्रमांकांवरून जोडतात. म्हणून पाण्याच्या चर्चेत नारायणगावच्या टोमॅटोच्या भावाचा विषय काढायचा असेल तर जुन्या पत्राला रिप्लाय न करता नवे पत्र लिहावे. उत्तर कोणाला जाते तेही पाहावे : नुसते ‘धन्यवाद’ एकट्याला पाठवावे. ठरलेली तारीख, रक्कम किंवा हरकत सर्वांना.

मराठीतली एक अडचण युनिकोडपूर्व फाँटांची होती : पाठवणाऱ्याचा फाँट नसला की मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरे दिसत, म्हणून अनेक जण रोमन लिपीत मराठी लिहीत. युनिकोडमुळे देवनागरी उतारा आता जसाच्या तसा उतरतो. गटाला उत्तर पाठवण्याआधी, ते पहिल्यांदाच वाचणाऱ्याला कळेल का, एवढे वाचून पाहावे आणि मगच पाठवावे.