पित्तरंजके : विघटन व उत्सर्जन

पित्तरंजके म्हणजे मुख्यतः हीमोग्लोबिनच्या विघटनातून तयार होणारी आणि पित्तावाटे शरीराबाहेर पडणारी रंगद्रव्ये. हिरवे बिलिव्हर्डिन व पिवळे बिलिरुबिन ही त्यांतील प्रमुख होत. मुका मार लागल्यावर त्वचेखाली साकळलेले रक्त आधी काळे-निळे, मग हिरवट आणि शेवटी पिवळे दिसते. या विघटनाचा क्रम असा त्वचेवर उघड दिसतो.

तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. जुनी झालेली पेशी प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशी गिळतात. प्रौढ माणसाच्या शरीरात अशा रीतीने रोज सुमारे ६ ते ८ ग्रॅम हीमोग्लोबिन मोडले जाते. त्यातील प्रथिनाची ॲमिनो आम्ले पुन्हा उपयोगात येतात. उरलेल्या हीमचे वलय हीम ऑक्सिजनेज हे विकर एका ठरावीक जागी उघडते. त्यातून लोह, कार्बन मोनॉक्साइड व बिलिव्हर्डिन मिळते. लोह नव्या पेशींसाठी राखले जाते, तर कार्बन मोनॉक्साइड श्वासावाटे जातो. बिलिव्हर्डिनचे रूपांतर लगेच बिलिरुबिनमध्ये होते. रोज तयार होणारे बिलिरुबिन २५० ते ३५० मिग्रॅ. असते. त्यातील सुमारे चार-पंचमांश जुन्या तांबड्या पेशींतून येते. बाकीचे अस्थिमज्जेत अर्धवट घडून मोडलेल्या पेशींतून आणि हीम असलेल्या इतर प्रथिनांतून येते.

पक्षी बिलिव्हर्डिन तसेच टाकून देतात. सस्तन प्राणी मात्र पाण्यात विरघळणाऱ्या या द्रव्याचे न विरघळणारे बिलिरुबिन करतात आणि मग ते बाहेर काढण्यासाठी यकृताला राबवतात. हा वळसा निरर्थक नाही. स्निग्धविद्राव्य बिलिरुबिन वार ओलांडून आईच्या रक्तात जाऊ शकते, त्यामुळे गर्भाचा हा भार आईचे यकृत उचलते. शिवाय थोड्या प्रमाणात बिलिरुबिन ऑक्सिडीकरणापासून पेशींचे रक्षणही करते.

रक्तात बिलिरुबिन अल्ब्युमिनला चिकटून वाहते. या जोडीचा रेणू मोठा असल्याने तो मूत्रपिंडातून गाळला जात नाही. यकृतपेशीत शिरल्यावर यूजीटी१ए१ हे विकर बिलिरुबिनला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडते आणि ते पाण्यात विरघळू लागते. हे संयुग्मित बिलिरुबिन पेशीबाहेर सूक्ष्म पित्तनलिकेत लोटण्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. सगळ्या प्रवासातील हा सर्वांत संथ टप्पा आहे. म्हणूनच यकृत आजारी पडले की तयार झालेले संयुग्मित बिलिरुबिनही मागे रक्तात उतरते.

पित्ताबरोबर आतड्यात आलेल्या बिलिरुबिनवरचे पुढचे काम जिवाणू करतात. ते ग्लुक्युरॉनिक आम्ल सोडवतात आणि बिलिरुबिनचे रंगहीन युरोबिलिनोजेन बनवतात. हे रूपांतर घडवणारे जिवाणूंचे विकर २०२४ मध्ये ओळखले गेले. बहुतेक युरोबिलिनोजेनपासून तपकिरी स्टर्कोबिलिन होते आणि मलाचा नेहमीचा रंग त्यामुळेच असतो. सुमारे पाचवा हिस्सा आतड्यातून शोषला जातो. त्यातला बराचसा यकृत पुन्हा पित्तात सोडते. थोडा मूत्रपिंडांकडे जातो व युरोबिलिन होऊन लघवीला पिवळेपणा देतो.

निरोगी प्रौढाच्या १०० मिलि. रक्तद्रवात एकूण बिलिरुबिन सुमारे १.२ मिग्रॅ.पर्यंत असते. ते दोन-अडीच मिग्रॅ.च्या वर गेले की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. हीच कावीळ. १९१६ मध्ये व्हॅन डेन बर्ग व म्युलर यांनी दाखवलेल्या रासायनिक क्रियेवरून संयुग्मित बिलिरुबिन ‘प्रत्यक्ष’ व असंयुग्मित ‘अप्रत्यक्ष’ असे अजूनही मोजले जाते. अडथळा कोणत्या टप्प्यावर आहे, हे या दोन आकड्यांवरून बरेचसे कळते.

तांबड्या पेशी भराभर फुटल्या तर अप्रत्यक्ष बिलिरुबिन वाढते. तापीखोऱ्याच्या भोवतीच्या सातपुड्यात या प्रकाराचे महत्त्व मोठे आहे, कारण तेथील आदिवासी समाजांत सिकलसेलचे जनुक आढळते. सिकलसेल आजारात तांबडी पेशी १० ते २० दिवसच टिकते. यकृत धडधाकट असूनही डोळे पिवळसर राहतात, लघवीत युरोबिलिनोजेन वाढते पण बिलिरुबिन उतरत नाही, आणि पित्ताशयात कॅल्शियम बिलिरुबिनेटचे काळे खडे लहान वयातच होऊ शकतात. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. सिकलसेलच्या रुग्णाची प्रत्येक कावीळ ‘यकृताची’ समजून नुसते पथ्य लावणे म्हणजे मूळ आजार नजरेआड करणे होय.

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हेपॅटायटिस ए व ई यांत मात्र यकृतपेशीच सुजतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. कावीळ ‘उतरवण्या’च्या प्रथेला जे यश मिळालेले दिसते, ते बरेचसे यामुळेच. या प्रथेत चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे होते ते हाताला आधी लावलेल्या आंब्याच्या सालीच्या रसामुळे. बिलिरुबिन तळहातातून झरत नाही, त्याची खरी वाट आतड्यातूनच आहे. अशा उपायांत गेलेला वेळ काही रुग्णांना फार महागात पडतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत झालेला हेपॅटायटिस ई आईच्या जिवावर बेतू शकतो.

नवजात बालकात तांबड्या पेशी कमी काळ जगतात, यूजीटी१ए१ मंद असते आणि आतड्यात जिवाणू पुरेसे नसतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हलकी कावीळ येणे स्वाभाविक आहे. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ मात्र तातडीने तपासावी लागते, कारण बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत शिरून कायमची इजा करते. जी६पीडी विकराची कमतरता असलेल्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडेही घातक ठरू शकतात, कारण नॅफ्थॅलीनमुळे त्याच्या पेशी फुटतात. इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ मध्ये परिचारिका वॉर्ड यांना उन्हात नेलेल्या बाळाची उघडी त्वचा फिकट झालेली आणि झाकलेली तशीच पिवळी राहिलेली दिसली. त्या निरीक्षणातून प्रकाशोपचार आला. सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो व संयुग्मनाशिवायच ते पित्तात आणि लघवीत जाऊ शकते.

पित्तनलिका खडा, गाठ किंवा जन्मजात दोषाने बंद झाली तर संयुग्मित बिलिरुबिन रक्तात साठून लघवीत उतरते. लघवी गडद होते, मल पांढुरक्या मातीसारखा होतो आणि अंगाला खाज सुटते. दोन आठवड्यांनंतरही कावीळ असलेल्या बाळाचा मल म्हणून रोज पाहावा. पित्तनलिका अशा दोषाने बंद असतील तर यकृताला थेट आतडे जोडणारी कासाई शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते.