मुबादेले : एका रिकाम्या गावाचा इतिहास

आज ज्या गावाबद्दल बोलायचं आहे, ते तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, फेथिये या बंदराजवळ आहे. नाव कायाक्यॉय. काया म्हणजे खडक, क्यॉय म्हणजे गाव. आपण त्याला खडकवाडी म्हणू. तिथले ग्रीक त्याला लिविसी म्हणत.

आम्ही ते पाहिलं तेव्हा डोंगरउतारावर शेकडो दगडी घरं उभी होती आणि छप्पर जवळजवळ कशालाच नव्हतं. घरं अशी चढत गेलेली, की एकानं दुसऱ्याचा उजेड अडवू नये. ग्रीक ख्रिस्ती वर उतारावर राहत, मुसलमान खाली सपाटीला. पहिल्या महायुद्धाच्या काळातच ग्रीकांची हकालपट्टी सुरू झाली. 1922-23 मध्ये उरलेलेही गेले.

30 जानेवारी 1923 ला लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात सक्तीच्या लोकसंख्या-अदलाबदलीचा करार झाला. सुमारे 12 लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसकडे, साधारण 4 लाख मुसलमान तुर्कस्तानकडे. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसमधले मुसलमान तेवढे वगळले. आता निकष काय होता, ते नीट ऐका. भाषा नाही, धर्म. अनातोलियाच्या मध्यभागी घरात तुर्की बोलणारे ख्रिस्ती होते, ते ‘ग्रीक’ ठरले. क्रीट बेटावर ग्रीक बोलणारे मुसलमान होते, ते ‘तुर्क’ ठरले. माणूस कोण आहे हा प्रश्न तत्त्वज्ञानात आम्ही आयुष्यभर शिकवला. लोझानला तो एका कलमात सुटला!

तुर्कीत याला ‘मुबादेले’ म्हणतात. आपला ‘बदल’, आपली ‘अदलाबदल’, सगळे त्याच अरबी धातूचे. शब्द सौम्य आहे. सरकारी नोकराची बदली होते, तो कधीतरी परतही येतो. इथे मात्र परतायचं तर सरकारची परवानगी हवी, असं कराराच्या पहिल्याच कलमात होतं. शिवाय 18 ऑक्टोबर 1912 नंतर घर सोडलेल्यांनाही तो लागू झाला. म्हणजे बहुतेक ग्रीक जीव वाचवून आधीच पळाले होते. करारानं त्यांच्यामागे दार लावून घेतलं.

हे आपल्यापर्यंत येऊन पोचतं ते डॉ. आंबेडकरांमुळे. 1940 च्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’मध्ये त्यांनी, अदलाबदलीची कल्पना हसण्यावारी नेणाऱ्यांना तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरिया यांचा इतिहास अभ्यासायला सांगितलं. त्यांचा तर्क कच्चा नव्हता. 1947 च्या पंजाबात जे घडलं ते पाहता, ठरवून केलेली अदलाबदल कमी रक्तरंजित झाली असती, असं म्हणायला जागा आहे. आम्हाला मात्र तो दाखला तेवढा भक्कम वाटत नाही. लोझानला नियोजन आलं ते पळापळ झाल्यावर. आणि घराच्या बदल्यात घर हा हिशेब किती जुळतो, ते खडकवाडीत दिसतं. ग्रीसमधून आलेल्या मुसलमानांपैकी काहींना इथे बसवलं होतं. शेतीच्या सपाट जमिनीची सवय असलेली ती माणसं. उतारावरच्या घरांत ती टिकली नाहीत, निघून गेली. घरं पडीक झाली आणि 1957 च्या भूकंपानं उरलंसुरलं खिळखिळं केलं.

या भागातून गेलेल्या ग्रीकांपैकी काहींनी अथेन्सजवळ वस्ती केली आणि तिला नेआ माक्री, म्हणजे नवं माक्री, असं नाव दिलं. जुन्या माक्रीला आता फेथिये म्हणतात.